चटका वेगळा, झिणझिण वेगळी: अंबडमधल्या एका मशीनचं प्रकरण

जानेवारीचा दुसरा आठवडा होता. निफाडकडे पहाटे बागांमध्ये शेकोट्या पेटायला लागल्या होत्या, म्हणजे थंडी किती होती हे नाशिककरांना वेगळं सांगायला नको. सकाळी नऊच्या सुमारास ओळखीच्या एका कारखानदाराचा फोन आला. "सर, मशीनवर शॉक बसतोय. पोरं हात लावायला तयार नाहीत. आणि द्राक्षाचा सीझन तोंडावर आलाय."

अंबड औद्योगिक वसाहतीतला हा एक भाड्याचा गाळा. पॉलिथिन फिल्मचा मोठा रोल आणायचा, स्लिटिंग मशीनवर त्याच्या अरुंद पट्ट्या कापायच्या, त्या पुन्हा गुंडाळायच्या आणि द्राक्षांच्या पेट्यांत घालायच्या पिशव्या करणाऱ्यांना द्यायच्या, हे काम. सोबत दोन रंगांची थोडी छपाई. माणसं सात-आठ. मी परवानाधारक इलेक्ट्रिकल सुपरवायझर आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत मेंटेनन्स करण्यात बरीच वर्षं गेली आहेत. शॉकची तक्रार मी कधीही फोनवर सोडवत नाही. लगेच निघालो.

मी पोचलो तेव्हा त्यांच्या वायरमनने त्याच्या परीने इलाज केलेला होता. अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी आणि पाच किलो मीठ. आपल्याकडे शॉकवरचा हा पहिला उपाय. त्याने फरक पडला नव्हता, म्हणून त्याने दुसऱ्या दिवशी आणखी पाणी ओतलं होतं. वायरमन प्रामाणिक होता, कष्टाळू होता. त्याची अडचण एवढीच होती की शॉक हा शब्द ऐकला की त्याच्या डोळ्यांसमोर एकच कारण उभं राहायचं.

मी मशीनला हात लावायच्या आधी माणसांना विचारलं. हा भाग सविस्तर लिहितो, कारण अर्धं निदान इथेच झालं.

ऑपरेटर म्हणाला, "पॅनेलला पालथा हात लागला की मुंग्या आल्यासारखं होतं. हात लावून ठेवला की चालूच राहतं. हात ओला असला की जास्त."

हेल्पर वेगळंच सांगत होता. "मला तसं नाही होत काका. भरलेला रोल उतरवायला गेलो की टचकन बसतो. आवाजपण येतो. एकदाच. लगेच परत त्याच जागी हात लावला तर काही नाही."

पॅकिंगच्या ताई म्हणाल्या, "मी रोलजवळून गेले की हातावरची लव उभी राहते. मग लोखंडी टेबलाला हात लावला की चटका. मी तर आता टेबलाला आधी कोपर लावते."

कधीपासून होतंय, हेही विचारलं. ऑपरेटर म्हणाला, दिवाळीनंतर मशीन या भिंतीकडून त्या भिंतीकडे हलवलं तेव्हापासून. हेल्पर म्हणाला, दरवर्षी थंडीत होतं, पावसाळ्यात कधीच नाही, यंदा जास्त आहे.

वहीत मी दोन रकाने आखले. एकावर लिहिलं "झिणझिण", दुसऱ्यावर "चटका". झिणझिण हात लावलेला असेपर्यंत टिकते, ती धातूच्या भागावर येते आणि मशीन हलवल्यापासून आहे. चटका क्षणाचा, आवाजासकट, फिल्मच्या आसपास आणि फक्त कोरड्या हवेत. तक्रार एकच म्हणून आली होती, पण या दोन वेगळ्या गोष्टी असण्याची शक्यता मला तिथेच दिसली. मालकांना तसं सांगितलं. त्यांना पटलं नाही. शॉक म्हणजे शॉक, असं त्यांचं म्हणणं होतं.

पॅनेलची झिणझिण

आधी झिणझिण हातात घेतली, कारण जीव जाऊ शकतो तो तिथे.

पॅनेलच्या पत्र्याला टेस्टर लावला तर तो पेटला. वायरमन म्हणाला, "बघा सर, बॉडीला फेज लागलाय." मल्टीमीटरचं एक टोक पॅनेलला आणि दुसरं बोअरच्या लोखंडी पाइपला लावलं. ११२ व्होल्ट. त्या दिवशी सप्लाय होता २३८. फेज थेट बॉडीला लागला असता तर पूर्ण २३८ दिसले असते. इथे जवळपास निम्मे दिसत होते, आणि हा निम्मा आकडा फार बोलका असतो.

मग मी टेस्ट लॅम्प काढला. शंभर वॅटचा जुना तारेचा बल्ब, होल्डर आणि दोन वायरी. पॅनेल आणि पाइप यांच्यामध्ये तो लावला. बल्ब पेटला नाही, आणि सोबत लावलेल्या मीटरवरचे ११२ व्होल्ट झटक्यात शून्यापाशी आले. (हा प्रयोग घरी कोणी करू नये. उघड्या टोकांचा टेस्ट लॅम्प हे सरावाच्या हातातलंच हत्यार आहे.)

अर्थ असा. मशीनची मोटर चालवणारा ड्राइव्ह सिंगल फेजवर होता. अशा ड्राइव्हच्या आत विजेतला गोंगाट गाळण्यासाठी छोटे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) असतात, एक फेजपासून बॉडीपर्यंत आणि एक न्यूट्रलपासून बॉडीपर्यंत. बॉडी अर्थला जोडलेली असली की त्यांच्यातून झिरपणारा किंचित करंट गुपचूप जमिनीत जातो. बॉडी अर्थपासून सुटली की ती या दोन कपॅसिटरच्या मधोमध लटकते आणि तिच्यावर निम्मा व्होल्टेज दिसतो. मग माणूस हात लावतो आणि अर्थच्या वायरचं काम त्याच्या शरीराला करावं लागतं.

हा करंट किती? कपॅसिटर ०.०१ मायक्रोफॅरडचा धरला तर ५० हर्ट्झवर पाऊण मिलिअँपिअरच्या आसपास. माणसाला साधारण अर्ध्या ते एक मिलिअँपिअरपासून करंट जाणवू लागतो. म्हणजे ऑपरेटरला येत होत्या तशाच मुंग्या. बल्बला पेटायला चारशेहून जास्त मिलिअँपिअर लागतात, म्हणून तो ढिम्म राहिला. टेस्टरमधल्या निऑनला मात्र नगण्य करंट पुरतो. म्हणून टेस्टर पेटला म्हणजे फेजच लागला, असं धरून चालत नाही.

वायरमन म्हणाला, "म्हणजे धोका नाही ना सर?"

धोका होता, आणि मोठा होता. त्या पाऊण मिलिअँपिअरने कोणी मरणार नव्हतं. पण ती झिणझिण ओरडून सांगत होती की मशीनची अर्थ तुटलेली आहे. उद्या आत एखादी फेजची वायर घासून पत्र्याला टेकली, तर त्या पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट उभे राहतील आणि त्यांना जायला वाट नसेल. घामाने ओल्या हाताच्या माणसाचा रोध हजार ओहमपर्यंत खाली येऊ शकतो. २३० ला हजाराने भागा. २३० मिलिअँपिअर. हृदयाची लय बिघडायला याच्या कितीतरी कमी करंट पुरतो.

मेन स्विच बंद करून शोध सुरू केला. फार वेळ लागला नाही. मशीन हलवल्यावर जुनी केबल दीड मीटर कमी पडली होती. जुनी केबल तीन कोअरची, तिला वाढवायला जोडलेला तुकडा मात्र दोन कोअरचा. हिरवी वायर जोडापाशीच कापून, टेप गुंडाळून, नीटनेटकी दुमडून ठेवलेली होती. ज्याने ती दुमडली, त्याला ती बिनकामाची वाटली असणार, कारण तिच्याशिवाय मशीन छान चालतं. अर्थच्या वायरचं हेच दुर्दैव आहे. ती नसल्याने काहीच अडत नाही, अडेल त्या दिवसापर्यंत.

पण मशीनच्या सांगाड्याला खड्ड्यातून आलेली जीआयची, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाची, पट्टी वेगळी जोडलेली होती. ती काय करत होती? वाकून बघितलं. हलवताना मालकांनी हौसेने मशीनला नवा रंग दिला होता, सुंदर मोरपंखी. पट्टी त्या रंगावरच बोल्टने आवळलेली होती. मल्टीमीटर ओहमवर घेतला. एक टोक पट्टीला, दुसरं सांगाड्यावर जिथे रंग खरवडून धातू उघडा केला होता तिथे. वाचन नाही. पट्टी आणि लोखंड यांच्यामध्ये कागदाएवढ्या जाडीचा रंग होता, आणि तेवढ्याने सगळा रस्ता बंद झाला होता. बोल्टचे आटेही रंग आणि गंजाने भरलेले. मशीन उभं होतं रबरी पॅडवर, त्यामुळे जमिनीशीही संबंध नाही. सांगाडा शब्दशः अधांतरी होता. खड्ड्यात ओतलेलं मीठ-पाणी या रंगाच्या अलीकडेच थांबत होतं.

वायरमनने पॉलिश पेपरने रंग उतरवला, लोखंड चकचकीत केलं, दातेरी वॉशर घालून पट्टी आवळली. दोन कोअरचा तुकडा काढून पूर्ण लांबीची तीन कोअर केबल टाकली. पुन्हा मोजलं तर अर्धा ओहमही नाही. सप्लाय दिला. पॅनेलवर शून्य व्होल्ट. ऑपरेटरने पालथा हात लावला, मग तळवा लावला, मग माझ्याकडे बघून हसला.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. चांगली अर्थिंग असली की एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच, पडतो असं सगळे धरून चालतात. हिशोब करा. फेज पत्र्याला लागला आणि करंटला परत जायला फक्त खड्ड्याचाच रस्ता असेल, आणि तो रस्ता १० ओहमचा असेल, तर करंट झाला २३ अँपिअर. १६ अँपिअरच्या एमसीबीला २३ अँपिअर म्हणजे दीडपटही नाही. तेवढ्यावर पडायला तो तासभर घेऊ शकतो. तोवर पत्रा जिवंतच. म्हणून ३० मिलिअँपिअरचा, ड्राइव्हसोबत चालणाऱ्या प्रकारचा आरसीसीबी लावायला सांगितलं. तो जाणारा आणि येणारा करंट यांची तुलना करतो. दोन्हींत फरक पडला, म्हणजे करंट भलतीकडून जातोय हे ओळखून सेकंदाच्या अंशात तोडतो. मालकांनी त्याच संध्याकाळी मेनरोडवरून मागवला.

आणि चटका परत आला

दुपारी तीनच्या सुमारास मशीन पूर्ण वेगात होतं. सगळे खूश होते. हेल्परने भरलेला रोल उतरवायला हात घातला आणि टच्च. आवाज मी सहा फुटांवरून ऐकला. वायरमनचा चेहरा उतरला. "सर, अर्थिंग तर मी आत्ता माझ्या हाताने केलं."

मी त्याला म्हटलं, "तुझी अर्थिंग शंभर टक्के बरोबर आहे. हा आजार दुसरा आहे." पण एवढ्यावर कोणाचं समाधान होत नव्हतं. हेल्परचा समज पक्का होता, की मशीनमधला करंट फिल्ममधून रोलपर्यंत येतो. तेवढ्यात चहा आला, आणि मी विचार केला की आता नीट समजावूनच द्यावं.

टॉर्चचे दोन सेल, टॉर्चचा छोटा बल्ब आणि वायरचे तुकडे घेतले. सेलच्या एका टोकापासून बल्ब, बल्बपासून दुसरं टोक. पेटला. मधली वायर सोडली, विझला. कुठेही सोडली तरी विझतोच. पॅकिंगच्या ताईंना वाटत होतं की बल्बच्या अलीकडे वायर तोडली तर विझेल, पलीकडे तोडली तर पेटलेलाच राहील, कारण करंट तोपर्यंत बल्बात पोचलेला असतो. बहुतेकांना असंच वाटतं. करंट बल्बात जाऊन संपत नाही. जितका जातो तितकाच बाहेर पडतो आणि सेलकडे परत येतो. वाट गोल पूर्ण असेल तरच तो वाहतो, आणि या पूर्ण वाटेला परिपथ म्हणायचं.

मग त्या तुटलेल्या जागी त्यांच्याच फिल्मचा तुकडा ठेवला आणि वायरी त्याच्या दोन टोकांना दाबून धरल्या. बल्ब पेटला नाही. एकाऐवजी चार थर, मग अगदी बारीक पट्टी. काहीच नाही. "म्हणजे फिल्ममधून करंट जात नाही," हेल्पर स्वतःच म्हणाला.

आता तोच तुकडा मी गळ्यातल्या लोकरी मफलरवर चारदा घासला आणि भिंतीकडे नेला. फिल्मने भिंतीकडे झेप घेतली आणि चिकटून बसली. टेबलावरचे कागदाचे कपटे उडून तिला लागले.

जी वस्तू करंट वाहू देत नाही, तीच प्रभार (चार्ज) धरून ठेवते. त्या दुपारची खरी शिकवण ही होती, आणि ती मी सांगितली नाही, त्यांच्या हातातल्या तुकड्याने सांगितली. दोन वस्तू एकमेकींना चिकटून सुटतात तेव्हा काही इलेक्ट्रॉन एकीकडून दुसरीकडे जातात. पॉलिथिन हे इलेक्ट्रॉन घेणाऱ्यांतलं आहे, ते ऋण होतं. धातूवर प्रभार आला तर तो पळून जातो, पण पॉलिथिनवर जिथे पडला तिथेच बसून राहतो. सेकंदाला कित्येक मीटर वेगाने फिल्म रोलरला चिकटते, सुटते, पुन्हा चिकटते, पुन्हा सुटते. हजारो मीटर. आणि मग ती सगळी थरावर थर गुंडाळली जाते. भरलेला रोल म्हणजे साठवलेला प्रभार. मशीनचा सांगाडा अर्थ केला म्हणून फिल्मवरचा प्रभार जाईल कसा? फिल्म रोलरवरून जाते खरी, पण तिच्यावरचे इलेक्ट्रॉन सरकायला तयारच नसतात.

हात रोलजवळ गेला की मधल्या हवेवर ताण येतो. हवा साधारण दर मिलिमीटरला तीन हजार व्होल्टपर्यंत तग धरते, त्यापुढे फाटते. तोच टच्च आवाज. त्या जागेचा प्रभार गेला, म्हणून लगेच पुन्हा हात लावला तर काही होत नाही. गेला कुठे? हेल्परच्या अंगावर. पायात पीव्हीसीच्या तळव्याच्या चपला, म्हणजे जमिनीत जायची वाट नाही. मग तो किंवा ताई टेबलाला हात लावतात तेव्हा दुसरा चटका.

वायरमनला आकडा ऐकून धक्का बसला. "तीन मिलिमीटरची ठिणगी म्हणजे नऊ-दहा हजार व्होल्ट? मग माणूस जिवंत कसा?"

इथे मला गोदावरीच्या पात्रातला आपला दुतोंड्या मारुती आठवला. पुराच्या दिवसांत नाशिकमध्ये कोणी किती टीएमसी पाणी आलं असं विचारत नाही. मारुतीच्या कुठपर्यंत पाणी लागलं, एवढंच विचारतात. ती झाली उंची. व्होल्टेज ही उंचीच आहे. पण नासधूस उंचीवर ठरत नाही, किती पाणी आणि किती वेळ वाहतंय यावर ठरते. मारुतीएवढ्या उंच उभ्या नळीतही पाणी तितक्याच उंचीचं असू शकतं, पण ते असतं तांब्याभर. माणसाच्या शरीराची प्रभार साठवायची क्षमता साधारण १५० पिकोफॅरड धरली, तर १०,००० व्होल्टला त्याच्यावर असतो दीड मायक्रोकूलोम प्रभार. नऊ लाख कोटींहून जास्त इलेक्ट्रॉन. ऐकायला प्रचंड वाटतं, पण ०.३ अँपिअर घेणाऱ्या टॉर्चच्या बल्बातून तेवढे इलेक्ट्रॉन सेकंदाच्या दोन लाखाव्या भागात निघून जातात. चटका म्हणजे तांब्याभर पाणी उंचावरून एकदाच ओतणं. घरातली वीज म्हणजे गोदावरी, मागून येतच राहते.

माणसाला शेकडो वर्षं फक्त तांब्याच माहीत होता. राळ घासा, काच घासा, ठिणग्या पाडा, बरणीत साठवा. इलेक्ट्रॉन हे नावसुद्धा ग्रीकांच्या त्या घासलेल्या राळेच्या, अंबरच्या शब्दावरून आलं. सतत वाहणारी धारा पहिल्यांदा मिळाली ती १८०० साली, व्होल्टाने जस्त, तांबं किंवा चांदी आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठे एकावर एक रचले तेव्हा. आपल्या टॉर्चचा सेल त्याचाच वारस.

हेल्परला अजून थोडी शंका होती, तेव्हा त्याच्या हातात टेस्टर दिला. गाळ्याचं शटर अर्धं ओढून अंधार केला. टेस्टरच्या काचेच्या बारीक नळीत जवळजवळ दोन कांड्या असतात. नीट निरखून कोणी बघत नाही, पण बघण्यासारख्या असतात. आधी भिंतीवरच्या सॉकेटच्या फेजला लावायला सांगितलं. दोन्ही कांड्या नारिंगी, सतत. कारण घरची वीज सेकंदाला पन्नास वेळा येते-जाते, आणि निऑनमध्ये ज्या क्षणी जी कांडी ऋण असते तीच उजळते. मग त्याला रोलजवळ उभं करून चटका घ्यायला लावला, आणि टेस्टरच्या टोपीवर बोट ठेवून टोक अर्थ केलेल्या सांगाड्याला लावायला सांगितलं. एकच लखकन उजेड. पुन्हा केलं. पुन्हा एकदाच, आणि तोही फक्त बोटाकडच्या कांडीला. बोटाकडची कांडी ऋण, म्हणजे इलेक्ट्रॉन त्याच्या अंगावरून मशीनकडे गेले. फिल्मने त्याला काय दिलं होतं, ते त्या मोहरीएवढ्या उजेडाने दाखवलं. आणि टेस्टरमधल्या मोठ्या रोधामुळे हा प्रभार जाताना त्याला चटका बसला नाही. हे त्याच्या लगेच लक्षात आलं. "काका, म्हणजे टेबलाला हात लावायच्या आधी टेस्टर लावला तर?" मी म्हटलं, चालेल.

शाईचं टेबल

सगळे हसत-खेळत असताना माझं लक्ष मशीनच्या मागे गेलं, आणि मला घाम फुटला. रिवाइंडिंगच्या रोलपासून पाच-सहा फुटांवर छपाईची शाई पातळ करायचं टेबल होतं. इथाइल असिटेटचा आणि टोल्युइनचा डबा उघडा. द्रावण प्लॅस्टिकच्या बादलीत ओतलेलं.

टोल्युइनची वाफ हवेत योग्य प्रमाणात मिसळली असेल तर तिला पेटायला पाव मिलिज्यूलहूनही किंचित कमी ऊर्जा पुरते. १०,००० व्होल्टच्या माणसाच्या ठिणगीत साडेसात मिलिज्यूल असतात. तीस पट. त्याहून वाईट गोष्ट अशी, की साधारण तीन हजार व्होल्टच्या खालचा चटका माणसाला जाणवतच नाही, आणि तीन हजारांच्या ठिणगीतही पाऊण मिलिज्यूलच्या जवळपास ऊर्जा असते. म्हणजे ज्या ठिणगीचा कोणाला पत्ताही लागणार नाही, ती आग लावायला पुरेशी. द्रावण ओतणं, बादलीत ढवळणं यानेही प्रभार तयार होतो, आणि प्लॅस्टिकची बादली तो जाऊ देत नाही.

मी तिथल्या तिथे छपाई थांबवायला लावली. मालक नाराज झाले, पण हिशोब कागदावर मांडून दाखवल्यावर त्यांनी स्वतः डबे उचलले. टेबल पलीकडच्या वेगळ्या खोलीत गेलं, हवा बाहेर फेकणारा पंखा लागला, तोही स्फोटरोधक प्रकारचा. बादल्या धातूच्या आल्या. ओतताना डबा आणि बादली एकमेकांना आणि अर्थला वायरच्या क्लिपने जोडायची, म्हणजे दोघांत व्होल्टेजचा फरकच राहत नाही. शाईवाल्या माणसाचा ॲक्रिलिकचा स्वेटर गेला, सुती एप्रन आला, आणि प्रभार जमिनीत जाऊ देणारे अँटिस्टॅटिक बूट मागवले. या प्रकरणात मला सगळ्यात समाधान कशाचं असेल तर याचं, आणि तक्रारीत याचा उल्लेखही नव्हता.

टिन्सेल कुठे बांधायची

राहिला रोलवरचा प्रभार. हवेतली आर्द्रता त्या दुपारी माझ्या मीटरवर ३१ टक्के होती. पावसाळ्यात वस्तूंवर ओलाव्याचा पातळ थर बसतो आणि प्रभार त्यावरून निसटून जातो, म्हणून तेव्हा तक्रार नसते. पण गाळ्यात पाणी शिंपडून ओलावा करायचा तर कोरडा माल खराब होतो.

या धंद्यात टिन्सेल वापरतात, दिवाळीच्या झिरमिळ्यांसारखी तांब्याच्या बारीक तारांची दोरी. ती फिल्मच्या आडवी बांधायची आणि अर्थला जोडायची. तिला वीज लागत नाही. फिल्मवरच्या ऋण प्रभारामुळे तारांच्या टोकांवर धन प्रभार ओढला जातो, टोकं अणकुचीदार असल्याने तिथली हवा आयनांत, म्हणजे प्रभार असलेल्या कणांत, फुटते आणि ते आयन फिल्मवर जाऊन प्रभार मारतात.

वायरमनने ती उत्साहाने लगेच बांधली. हेल्परने रोल उतरवला. टच्च. चटका जशाचा तसा. वायरमनला पुन्हा वाटलं, आपलंच चुकलं. त्याने ती बांधली होती रोलरच्या बरोबर वर, कारण तिथे बांधायला आधार मिळत होता. फिल्म रोलरला टेकलेली असते तेव्हा तिच्या प्रभाराचा ओढा खालच्या धातूकडे वळलेला असतो, वरच्या तारांपर्यंत पोचतच नाही. दोन रोलरच्या मध्ये फिल्म हवेत ताणलेली असते, तिथे टिन्सेल जेमतेम टेकेल-न-टेकेल इतकी जवळ आणली. फरक दहा इंचांचा. पुढचा रोल भरला, हेल्परने हात लावला, आणि वाट बघत राहिला. काही झालं नाही. ताईंनी मुद्दाम दंड रोलजवळ नेला. लव आडवीच.

टिन्सेलने प्रभार पूर्ण शून्य होत नाही. तिला काम सुरू करायलाच थोडा व्होल्टेज लागतो, त्याखालचा उरतो. पूर्ण घालवायचा असेल तर विजेवर चालणारा आयोनायझर बार घ्यावा लागतो, हे मालकांना सांगून ठेवलं.

मार्चमध्ये, द्राक्षाच्या ऐन धांदलीत, हेल्परचा फोन आला. मला वाटलं पुन्हा काहीतरी. म्हणाला, सकाळपासून रोलवर चटके सुरू झाले होते. त्याने आधी पॅनेलला टेस्टर लावून पाहिला, पेटला नाही. मग अंगावरचा प्रभार टेस्टरने सोडून पाहिला, तर एकदाच लखकन, बोटाकडच्या कांडीला. "तेव्हा कळलं काका, फिल्मचंच आहे." रोल बदलताना टिन्सेलची अर्थची क्लिप निघून खाली पडली होती. त्याने ती उचलून, घासून, परत लावली होती आणि मशीन चालूही केलं होतं. फोन नुसता सांगायला केला होता.